आठ महिन्यांची तहान आणि घरची फुलबाग



कमी पाण्यावर जगणाऱ्या फुलझाडांचा विषय निघाला, की श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर माणदेशचे माळ उभे राहतात. ठाणे, कल्याण, डोंबिवली ही नावे त्या संदर्भात सहसा कोणाला आठवत नाहीत. माण तालुक्यात साऱ्या वर्षात जेवढा पाऊस पडतो, त्याहून अधिक पाऊस ठाण्याच्या परिसरात एकट्या जुलै महिन्यात कोसळतो. वर्षाची सरासरी दोन हजार मिलिमीटरांच्या पुढे जाते. २६ जुलै २००५ रोजी उल्हास आणि वालधुनी या नद्यांचे पाणी कल्याण, बदलापूर, उल्हासनगर या भागांतील घराघरांत शिरले, ती आठवण अद्याप पुसली गेलेली नाही. अशा प्रदेशात तहान सोसणाऱ्या झाडांची आवश्यकताच काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्न गैर म्हणता यावयाचा नाही.

या प्रश्नाचे उत्तर मात्र एप्रिल महिन्यात डोंबिवलीतील एखाद्या सज्जात उभे राहून शोधले पाहिजे. पावसाळ्यात हौसेने आणलेल्या दहा-बारा कुंड्या तेथे एका रांगेत मांडलेल्या असतात. त्यांतील निम्म्यांत केवळ भेगाळलेली माती उरलेली असते. उरलेल्यांना घरातील गृहिणी भाजी धुतलेले पाणी जपून घालीत असते, कारण त्या दिवशी नळाला पाणी येणार नसल्याची सूचना जिन्याच्या भिंतीवर लागलेली असते. २०१५ सालचा पावसाळा तुटीचा गेला, तेव्हा २०१६ च्या उन्हाळ्यात ठाणे जिल्ह्यातील शहरांना आठवड्यातील काही दिवस पाणीपुरवठा बंद ठेवणे भाग पडले होते. त्या उन्हाळ्यात किती कुंड्या रिकाम्या झाल्या, याची नोंद कोणी ठेवली नाही.

पाऊस भरपूर आहे, परंतु तो चार महिन्यांत संपतो. ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचे आठ महिने ही भूमी जवळजवळ कोरडी असते. यावरून एक गोष्ट निष्पन्न होते, आणि आजच्या विषयाचे मर्म तेच आहे. या शहरांत फुलझाड निवडताना ते तहान सोसते का, एवढेच विचारून भागत नाही. ते आधी चार महिने ओल सोसते का आणि त्यानंतर आठ महिने तहान सोसते का, असे दोन्ही प्रश्न विचारले पाहिजेत. पुस्तकांतून आणि रोपवाटिकांच्या फलकांवर ‘कमी पाण्याची झाडे’ म्हणून जी नावे आढळतात, त्यांतील पुष्कळशी कोरड्या हवेच्या प्रदेशांतील असतात. ती ठाण्यात मे महिन्यात मरत नाहीत, ती मरतात जुलैमध्ये.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे अलीकडे लोकप्रिय झालेले अडेनियम, ज्याला वाळवंटी गुलाब असेही म्हणतात. पूर्व आफ्रिका आणि अरबस्तान हे याचे माहेर. याचे बुंध्याजवळ फुगलेले खोड पाण्याचा साठा करून ठेवते. उन्हाळ्यात हे झाड दिमाखात फुलते आणि घेणाऱ्याला वाटते, की आपली निवड अचूक ठरली. पुढे आषाढात आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाही. कुंडीतील माती चिंब राहते आणि एके दिवशी खोड बोटाने दाबले असता मऊ लागते. आतून ते कुजलेले असते. सज्जाच्या छपराखाली, पावसाची झड येणार नाही अशा जागी, खडीमिश्रित मातीत ठेवल्यास अडेनियम येथेही टिकते. तथापि उघड्या गच्चीवर त्याचा भरवसा धरू नये.

मग या हवामानाला साजेसे झाड कोणते? याचे उत्तर ठाण्याच्या येऊरच्या डोंगरावर अथवा कल्याणजवळच्या मलंगगडाच्या उतारावर पाहावयास मिळते. मे महिन्यात हे डोंगर तपकिरी दिसतात. सागाची पाने झडलेली असतात, गवत वाळून करपलेले असते. जूनमध्ये दोन चांगले पाऊस होतात आणि पंधरवड्याच्या आत तोच उतार हिरवागार होतो. ही हिरवळ आभाळातून उतरत नाही. ती जमिनीखाली होतीच, कंदांच्या, गड्ड्यांच्या आणि मुळांच्या रूपाने निजलेली. रानहळद, कळलावी यांसारख्या वनस्पतींनी चार महिन्यांच्या पावसाचा आणि आठ महिन्यांच्या कोरड्या काळाचा प्रश्न हजारो वर्षांपूर्वीच सोडविलेला आहे. पाऊस असेल तेव्हा वाढावयाचे, फुलावयाचे, कंदात अन्न साठवावयाचे आणि पाऊस सरला की पाने टाकून झोपी जावयाचे, हा त्यांचा क्रम होय. झोपलेल्या झाडाला पाणी लागत नाही. ज्या महिन्यांत नळाला पाणी कमी, नेमक्या त्याच महिन्यांत ही झाडे काही मागत नाहीत.

घरच्या बागेत अशा निद्रिस्त राहणाऱ्या झाडांना जेवढे स्थान मिळावयास हवे तेवढे मिळत नाही. त्याचे कारण मोठे चमत्कारिक आहे. पुष्कळ घरांत ही झाडे आणली जातात, एक पावसाळा फुलतात आणि हिवाळ्यात त्यांची पाने पिवळी पडली की ती मेली असे समजून कुंडी उलथून टाकली जाते. कंद कचऱ्याच्या डब्यात जातो. खरे पाहता त्या कुंडीला एक चिठ्ठी बांधून ती सज्जाच्या कोपऱ्यात सावलीला सारून ठेवणे, एवढेच काम असते. चिठ्ठीवर झाडाचे नाव आणि ‘जूनपर्यंत पाणी घालू नये’ एवढे लिहिले तरी पुरे, कारण घरातील कोणी तरी दयाळू व्यक्ती कोरडी कुंडी पाहून तीत तांब्याभर पाणी ओततेच, आणि निजलेला कंद अवेळीच्या ओलीने कुजतो.

या गटातील पहिला मान कळलावीचा. हिला अग्निशिखा म्हणतात आणि कोकणात गौरीचे हात या नावानेही ती ओळखली जाते. पानांची टोके तणाव्यासारखी वळलेली असतात आणि त्यांच्या आधाराने वेल खिडकीची जाळी चढून जाते. श्रावण-भाद्रपदात लाल-पिवळी, वर वळलेल्या पाकळ्यांची फुले येतात. हिवाळ्यापूर्वी वेल वाळून जातो. मात्र हिचा कंद अत्यंत विषारी असतो. त्यात कोल्चिसिन नावाचे द्रव्य असते. लहान मुले वा पाळीव जनावरे असलेल्या घरांनी हिचा मोह टाळावा हे बरे. शिवाय येऊरचे जंगल हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये तेथून वनस्पती उपटून आणणे हा गुन्हा आहे. कंद रोपवाटिकेतूनच घ्यावा.

भुईचाफा हे दुसरे झाड. हळदीच्या कुळातील ही वनस्पती हिवाळ्यात संपूर्ण नाहीशी होते आणि उन्हाळ्यात, पानाचा मागमूस नसताना, थेट मातीतून सुगंधी फूल वर काढते. पांढऱ्या-जांभळ्या रंगाचे ते फूल कोरड्या जमिनीवर कोणी आणून ठेवल्यासारखे दिसते. तिसरा मे फ्लॉवर, म्हणजे चेंडूसारखा तांबडा गोल गुच्छ धरणारा आफ्रिकी कंद. आपल्याकडे तो इतका रुळला आहे, की मेअखेरीस त्याचे फूल वर आले म्हणजे पाऊस जवळ आला असे जुनी माणसे समजतात. पावसाळी लिलीचे कंद तर कोणत्याही उथळ कुंडीत राहतात आणि पहिल्या सरीनंतर थोड्याच दिवसांत गुलाबी, पांढऱ्या फुलांनी कुंडी भरून टाकतात. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. त्याला निचरा मात्र चांगला लागतो. गुलबक्षीची गणना कोणी कौतुकाने करीत नाही, कारण ती कोठेही उगवते. परंतु तिचे गाजरासारखे मूळ जमिनीत खोल जाऊन साठा करते, वरचा भाग वाळला तरी पावसाबरोबर ती पुन्हा येते, आणि संध्याकाळी चाकरमानी घरी परततात त्या सुमारास तिची फुले उमललेली असतात. आगगाडीच्या वेळापत्रकावर चालणाऱ्या या शहरांना याहून सोयीचे फूल मिळणे कठीण.

आता झोपी न जाता उभ्यानेच तहान सोसणाऱ्या झुडपांकडे वळावयाचे. यांची ओळख कल्याणमधील पारनाका, टिळक चौक अथवा ठाण्यातील नौपाडा या भागांत वाढलेल्या वडीलधाऱ्यांना करून देण्याचे कारण नाही. तेथील वाड्यांना आणि बैठ्या घरांना परसदार असे. न्हाणीचे पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडे, तिच्या काठी अळू, केळ, कर्दळ आणि सोनटक्का ही पाण्याची सोबत मागणारी झाडे लावीत. कुंपणाच्या बाजूला, जेथे पाण्याचा थेंब पोहोचत नसे, तेथे कोरांटी, कण्हेर, तगर, पारिजातक आणि देवचाफा असत. ही वाटणी कोणी शिकविलेली नव्हती. पाणी विहिरीतून शेंदून काढावे लागे, म्हणून ते कोठे घालावयाचे आणि कोठे नाही, हे हातांनाच समजत होते. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये अस्तित्वात आली. त्यानंतरच्या चार दशकांत बहुतेक परसदारे इमारतींखाली गेली. नळ आला आणि त्याबरोबर सर्व झाडांना सारखेच पाणी देण्याची सवयही आली.

कुंपणाच्या बाजूची ती नावे आजही तितकीच उपयोगी आहेत. पिवळी काटेरी कोरांटी आणि तिची जांभळी-पांढरी बहीण या दोघी पावसाळा संपता संपता फुलू लागतात आणि थंडीभर देवपूजेला फुले पुरवितात. फुले सरल्यावर फांद्या निम्म्या छाटाव्यात. उन्हाळ्यात पाने मलूल झाली तरी घाबरून जाऊ नये. तगरीला दुपारची सावली मिळाली तर ती वर्षातील बहुतेक दिवस फुलते. पारिजातक उन्हाळ्यात पाने गाळतो, म्हणून त्याला कोणी पाणी घालीत बसू नये. श्रावणापासून त्याचा सडा सुरू होतो. देवचाफ्याच्या जाड फांद्या म्हणजे पाण्याच्या पखालीच होत. निष्पर्ण असतानाही तो फुलतो. त्याची फांदी तोडून लगेच मातीत खोवली तर कुजते. ती आठवडाभर सावलीत ठेवून चीक सुकू द्यावा आणि मग लावावी. कण्हेर ही मूळची नदीनाल्यांच्या खडकाळ पात्रांतील, म्हणून पूर आणि तहान या दोन्हींची तिला सवय आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या दुभाजकावर ती आणि बोगनवेल किती निर्धास्तपणे उभी असतात, हे प्रवाशांनी पाहिलेलेच आहे. मात्र कण्हेरीचे पान, फूल, बी सारेच विषारी असते, हे विसरता कामा नये.

सदाफुलीविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. मादागास्करहून आलेले हे झाड गच्चीच्या भेगेतही उगवते. याच झाडापासून मिळणारी व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही द्रव्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रक्ताच्या कर्करोगावर आणि अन्य कर्करोगांवर वापरली जात आहेत. रोपवाटिकांत हल्ली मोठ्या फुलांच्या, भडक रंगांच्या संकरित जाती मिळतात. त्या दिसण्यात सरस असल्या, तरी श्रावणाआधीच बुंध्याशी काळ्या पडून बसतात. साधी गुलाबी वा पांढरी गावठी सदाफुली पावसात थोडी रोडावते, एवढेच. रंगाला भुलून गावठी जात काढून टाकणे हा शहाणपणा नव्हे.

अबोली ही कोकणातील घराघराची. तिला अर्धी सावली मानवते, म्हणून पूर्वेकडील वा उत्तरेकडील सज्जात, जेथे अन्य फुले येत नाहीत, तेथेही ती वर्षभर थोडी थोडी फुलत राहते. तिच्या मुळांशी पाणी साचणे मात्र तिला मुळीच खपत नाही.

यानंतर मोगरा आणि बोगनवेल. या दोहोंच्या बाबतीत पाण्याची टंचाई ही अडचण नसून साधन आहे. विदर्भातील संत्रा बागायतदार झाडांना काही काळ पाणी तोडून ‘ताण’ देतात आणि त्यानंतर पाणी देऊन बहार धरतात, हे सर्वश्रुत आहे. तेच तत्त्व येथे लागू पडते. सतत पाणी मिळणारे झाड पाने आणि फांद्या वाढवीत बसते. तहान लागली, की त्याची वाढ थांबते, आणि पुढे पाणी मिळताच ते कळ्या धरते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्या जिल्ह्यातील जव्हार, विक्रमगड, मोखाडा या डोंगराळ तालुक्यांत आदिवासी शेतकरी मोगऱ्याची लागवड करतात आणि तेथील कळ्या दादरच्या बाजारात येतात. ज्या डोंगरांवर उन्हाळ्यात पाण्याचे दुर्भिक्ष असते, तेथे मोगरा हे उत्पन्नाचे पीक व्हावे, ही गोष्ट शहरातील बागप्रेमींनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

घरच्या कुंडीतील मोगऱ्याला डिसेंबरमध्ये दोन-तीन आठवडे पाणी जवळजवळ बंद करावे. पाने पिवळी पडून गळतील. जानेवारीत जुन्या फांद्या छाटाव्यात, माती वरवर उकरून शेणखत घालावे आणि मग पाणी सुरू करावे. मार्चपासून कळ्या येऊ लागतात. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ताणानंतर मोगरा फुलतो तो ऐन टंचाईच्या महिन्यांत, आणि त्या काळात त्याला पाणी द्यावेच लागते. म्हणूनच बागेतील इतर झाडे पाणी न मागणारी हवीत. बाकीच्या नऊ कुंड्या निजलेल्या असल्या, तर दहाव्या कुंडीतील मोगऱ्याला तांब्याभर पाणी देण्यास कोणाचे मन कचरणार नाही. गणपतीच्या फुलासाठी जास्वंद हवीच असेल, तर तिचीही गणना याच पाणी मागणाऱ्यांत करावी. पाणी तुटले, की ती कळ्या टाकते आणि तिच्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण पांढरा थर धरतात.

बोगनवेलीला ब्राझीलची भूमी सोडून दोनशेहून अधिक वर्षे झाली. एका फ्रेंच दर्यावर्द्याचे नाव तिला मिळाले आहे. ज्याला लोक तिचे फूल समजतात, ती रंगीत पाने होत. खरे फूल त्यांच्या मधोमध असते, इवलेसे आणि पांढुरके. ‘बोगनवेल आणली, पण फुलतच नाही’ अशी तक्रार बहुधा रोज पाणी घालणाऱ्या घरांतून ऐकू येते. तिला पुरेपूर ऊन आणि लहानशी कुंडी द्यावी आणि पाने किंचित लवू लागेपर्यंत पाण्याची वाट पाहावयास लावावी. उत्तराभिमुख सज्जात मात्र तिच्याकडून काही अपेक्षा करू नये.

झाडाची निवड योग्य झाली तरी माती चुकली की सारे फुकट जाते. या शहरांत ‘लाल माती’ म्हणून जी पोत्यांतून विकली जाते, ती एकटी वापरली तर पावसात तिचा चिखल होतो आणि उन्हाळ्यात वीट. तीत निम्म्याच्या आसपास शेणखत वा गांडूळखत, नारळाच्या काथ्याचा भुसा आणि विटांचे बारीक तुकडे अथवा मुरूम मिसळावा. कुंडीच्या तळाच्या भोकावर खापराचा तुकडा पालथा घालावा. नव्या इमारतीच्या आवारात थेट जमिनीत झाडे लावावयाची असतील, तर आधी खणून पाहावे. बहुधा दीड वितीखाली बांधकामाचा राडारोडा निघतो. त्यातील चुन्या-सिमेंटामुळे एक्झोरासारखी आम्लधर्मी माती मागणारी झुडपे पिवळी पडतात, आणि मालक त्यांना पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी घालीत राहतो.

जमिनीत लावावयाचे झाड मृग नक्षत्राच्या सरींबरोबर लावावे, म्हणजे मुळे खोल जाण्यास त्याला चार महिने मिळतात. हस्त नक्षत्र सरले, की बुंध्याभोवती पालापाचोळ्याचा आणि सुकलेल्या गवताचा चार बोटे जाडीचा थर पसरावा. नारळाच्या शेंड्याही उत्तम. त्या ओल धरून ठेवतात. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, पण भरपूर, पाणी द्यावे. रोजचा शिडकावा हा सर्वांत वाईट. त्याने वरची दोन बोटे माती भिजते, मुळे वरच राहतात आणि चार दिवस घर बंद राहिले की झाड माना टाकते. खोल पाणी मिळालेले झाड दुसऱ्या उन्हाळ्यात निम्म्या पाण्यावर राहते आणि कोरांटी, कण्हेर, देवचाफा यांना तिसऱ्या वर्षापासून बहुधा काहीच द्यावे लागत नाही. जुन्या काळी झाडाशेजारी बिनझिलईचे मडके गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरून ठेवीत. ते झिरपत झिरपत मुळांना पोहोचे. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी हा प्रयोग अवश्य करावा, मात्र मडक्याचे तोंड घट्ट झाकावे, अन्यथा त्यात डासांची पैदास होते. कुंड्यांखालील बशांबाबतही हीच खबरदारी हवी. पावसाळ्यात त्या काढूनच ठेवाव्यात. त्याने झाडाची मुळे वाचतात आणि डेंग्यूचा डासही दूर राहतो.

कुंड्यांना पाणी केव्हा द्यावयाचे, याला घड्याळाचा नियम नाही. बोट दोन पेरे मातीत खुपसावे. टोकाला ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. या शहरांत झाडांना सर्वाधिक ताप होतो तो पुष्कळांच्या समजुतीप्रमाणे मे महिन्यात नव्हे, तर मार्च-एप्रिलमध्ये. त्या वेळी पूर्वेकडून जमिनीवरचा कोरडा वारा वाहतो. मे महिन्यात समुद्राकडील दमट हवा आलेली असते. माणसाला ती घामाघूम करते, पण पानांना तिचा दिलासा वाटतो. तेव्हा पाण्याची काटकसर मेमध्ये अधिक करता येते. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी झाडांना चांगले. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणीही चालते. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी क्षारयुक्त असते. ते नित्य एकाच कुंडीत घातले तर मातीवर पांढरा थर येतो. साबणाचे पाणी घालू नये.

गच्चीवर बाग करणाऱ्यांनी एका आकड्याचे भान ठेवावे. एक घनमीटर ओली माती दीड टनाहून अधिक भरते. जुन्या इमारतीच्या गच्चीवर वाफे बांधण्यापूर्वी जाणत्या अभियंत्याचा सल्ला घेणे अगत्याचे आहे.

हा सारा खटाटोप बादलीभर पाण्यासाठी करावयाचा काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. ही बादली येते कोठून, हे पाहिले असता शंकेचे निरसन होईल. कल्याण-डोंबिवलीसाठी पाणी उल्हास नदीतून उचलले जाते. उन्हाळ्यात त्या नदीला जे पाणी असते, त्यात बारवी धरणातून सोडलेले आणि घाटमाथ्यावरील आंध्रा जलाशयातून भिवपुरीच्या वीजकेंद्रात उतरलेले पाणी असते. ठाणे आणि मुंबई भातसाचे पाणी पितात. भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्याच शहापूर तालुक्यातील कित्येक पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते आणि तेथील स्त्रिया डोक्यावर हंडे घेऊन डोंगर चढतात. शहरातील एका सज्जात वाचलेली बादली त्या पाड्यावर जाऊन पोहोचत नाही, हे खरे आहे. परंतु ज्या घराने एप्रिलमध्ये निजलेल्या कुंडीला पाणी न घालण्याचे शिकून घेतले, त्या घराला पाणीकपातीच्या दिवशी झाड की माणूस, असा विचार करीत बसावे लागत नाही. झाडेही टिकतात. दर पावसाळ्यात नवी रोपे आणावयाची आणि उन्हाळ्यात ती फेकावयाची, हा चाकरमानी कुटुंबांचा खर्च वाचतो, ही बाबही अगदीच नगण्य नव्हे.

नव्याने आरंभ करणाऱ्यांनी जूनच्या पहिल्या आठवड्याची वाट पाहावी आणि तोवर काहीही विकत घेऊ नये. शेजारीपाजारी कोणाकडे कोरांटी, तगर, कण्हेर, देवचाफा आहे, ते हेरून ठेवावे. पावसाच्या तोंडावर प्रत्येकाला छाटणी करावयाचीच असते आणि फांद्या कोणी नाकारीत नाही. लिलीचे कंद दाटले असतील, तर ते वेगळे करून देण्याची हीच वेळ. कोपऱ्यातील चिठ्ठी बांधलेल्या कुंड्या उजेडात आणाव्यात आणि प्रथमच त्यांत पाणी घालावे. अबोलीची वाळलेली बोंडे मात्र झाडावरच राहू द्यावीत. पहिल्या सरीचे थेंब पडताच ती टचटच आवाज करीत तडकतात आणि बी दूरवर उडते. वरच्या मजल्यावरील अबोली अशा रीतीने खालच्या सज्जातील कुंडीत येऊन पोहोचते, आणि ते रोप कोणी लावले, हे तेथील गृहिणीला उमगत नाही.